बाळू पालवणकर

क्रिकेट तुम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. शाळा सुटली की दप्तरे भिंतीशी ठेवायची, तीन काठ्या रोवायच्या आणि खेळ सुरू करायचा. कोपरगावात गोदावरीकाठी मोकळी जागा मिळाली की मुलांचा असा खेळ रंगतो. संघ निवडताना तुम्ही काय पाहता? कोण चांगले फटके मारतो, कोणाचा चेंडू वळतो, कोण झेल सोडत नाही, एवढेच पाहता. तहान लागली तर एकाच माठातले पाणी एकाच पेल्याने सगळे पितात. त्यात काही विशेष आहे असे तुमच्या मनातही येत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र असे नव्हते. त्या काळी आपल्या राज्यात एक गोलंदाज होऊन गेला. त्याच्या हातचा चेंडू त्याचे सोबती झेलत, हातात घेत, परत त्याच्याकडे फेकत. पण खेळ थांबला की त्याच सोबत्यांना त्याच्या हाताचा स्पर्श चालत नसे. भारताचा पहिला थोर गोलंदाज म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो हाच. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण गावचे. म्हणून आडनाव पालवणकर. हे कुटुंब चर्मकार समाजातले होते. कातड्याचे काम करणाऱ्या या समाजाला त्या काळी अस्पृश्य मानत. अस्पृश्य म्हणजे ज्याला शिवायचे नाही असा. अशा लोकांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे, देवळात जाता येत नसे. त्यांची मुले शाळेत गेलीच, तर त्यांना इतरांपासून दूर बसावे लागे.

बाळूचे वडील लष्करात शिपाई होते. त्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीजवळ गेले. छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी वापरून टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. गणपत आणि विठ्ठल हे त्यांच्याहून लहान. पुढे हे चारही भाऊ नामांकित खेळाडू झाले.

पुणे म्हणजे पेशव्यांचे शहर. याच पेशवे घराण्यातील राघोबादादांचा वाडा तुमच्या कोपरगावात आहे. पेशवाई १८१८ साली संपली आणि इंग्रजांचे राज्य आले. पण जातीपातीचे जुने नियम पुण्यात त्यानंतरही कडकच राहिले. अशा शहरात बाळूला वयात येताच पोट भरण्यासाठी कामाला लागावे लागले.

पहिली नोकरी मिळाली ती पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि सांगितले तर सभासदांना थोडी गोलंदाजी करायची. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियन लोकांच्या क्लबात गेला. तिथे पगार एक रुपयाने वाढला. खेळपट्टी तयार करणे, सरावासाठी जाळी बांधणे, टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेघा ओढणे ही त्याची कामे. एके दिवशी ट्रॉस नावाच्या एका गोऱ्या खेळाडूने त्याला सरावात चेंडू टाकायला लावले. तेव्हापासून रेघा ओढणाऱ्या या मुलाच्या हातात चेंडू आला, तो कायमचा.

या क्लबात ग्रेग नावाचे एक नामवंत फलंदाज होते. ते लष्करात अधिकारी होते. त्यांचे पूर्ण नाव जॉन ग्लेनी ग्रेग. हे नाव उच्चारता उच्चारता लोकांनी त्यांना जंगली ग्रेग करून टाकले! (हेच ग्रेगसाहेब म्हातारपणी पाद्री झाले.) ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येत आणि तासन् तास बाळूच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूने त्यांना बाद केले की ते त्याला आठ आणे बक्षीस देत, अशी गोष्ट सांगितली जाते. तुम्हीच हिशेब करा. महिन्याचा पगार ४ रुपये, म्हणजे ६४ आणे. आठ वेळा ग्रेगसाहेबांना बाद केले की एक पगार हातात! गोष्ट खरी असो वा रचलेली, पण ग्रेगसारखा फलंदाज रोज समोर असल्यावर बाळूचा हात तयार झाला, यात शंका नाही.

मात्र या क्लबात बाळूच्या हातात कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम आणि चेंडू टाकणे हे नोकराचे, असा तेथला रिवाज होता.

आता त्याची गोलंदाजी कशी होती ते पाहू. बाळू डाव्या हाताने, संथ गतीने चेंडू टाकी. त्याचा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून बाहेरच्या बाजूला वळे. फलंदाज पुढे झुकला की चेंडू बॅटीची कड घेऊन जाई. मग फलंदाज सावध होई. तेवढ्यात त्याच हाताने, त्याच पद्धतीने टाकलेला एखादा चेंडू न वळता सरळ आत येई आणि यष्ट्या उडवी. कधी चेंडू उंच, कधी खाली, कधी जरा वेगाने. दिवसभर टाकूनही त्याचा टप्पा चुकत नसे. मला वाटते, बाळूचे निम्मे शिक्षण रोलर ओढतानाच झाले असावे. सकाळच्या दवाने ओली झालेली खेळपट्टी, दुपारी तापून भेगाळलेली खेळपट्टी, कोणत्या जमिनीवर चेंडू किती वळेल हे त्याच्याइतके जवळून कोणी पाहिले असेल?

पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. बाळूची कीर्ती त्यांच्या कानांवर आली होती. पण त्याला संघात कसे घ्यावे? यावरून सभासदांत मोठा वाद झाला. काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. काही तेलुगू सभासद मात्र बाळूच्या बाजूने उभे राहिले. गोऱ्यांनी त्याच्याबरोबर खेळावे आणि आपण खेळू नये हे बरे नव्हे, असे काहींचे म्हणणे पडले. शेवटी जिंकण्याची इच्छा मोठी ठरली आणि बाळू संघात आला.

मैदानात तो आला, पण मंडपात नाही. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून कपांतून चहा पीत. बाळूला बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. हातपाय धुवायचे असले तर अस्पृश्य मानलेला एखादा नोकर कोपऱ्यात त्याच्या हातांवर पाणी ओती. जेवायला त्याचे ताट वेगळे, जागा वेगळी. जेवण झाले की तो पुन्हा मैदानात येई आणि ज्यांच्यापासून दूर बसून जेवला, त्यांच्यासाठी बळी घेई. हे सारे सोसताना त्याच्या मनात काय चालले असेल? त्या वयात त्याने तोंडाने तक्रार केली नाही. चेंडू टाकत राहिला.

बाळूच्या जोरावर हा संघ युरोपियन क्लबांना हरवू लागला. एकदा साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याशी सामना ठरला. बाळूचा चेंडू वळू नये म्हणून तेथल्या लोकांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी टणक करून ठेवली. पण ज्या मुलाचे अर्धे आयुष्य रोलर ओढण्यात गेले होते, त्याला रोलरची भीती काय दाखवायची! बाळूने सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला.

या विजयानंतर पुण्यात समारंभ झाला. थोर समाजसुधारक न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी सर्वांसमोर बाळूच्या गळ्यात हार घातला. ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, असा सरळ प्रश्न त्यांनी खेळाडूंना केला. पुढे लोकमान्य टिळकांनीही बाळूचा सत्कार केला. ज्याच्या सावलीलाही लोक टाळत, त्याला पुण्यातील दोन मोठ्या नेत्यांनी हार घालावा, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि लवकरच ती पुण्यात पसरली. त्या धामधुमीच्या काळात बाळू पुणे सोडून मुंबईला आले. काही काळ त्यांनी लष्करात नोकरी केली, मग बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्याबद्दल पुन्हा तोच वाद झाला. काही सभासद विरोधात होते, पण कप्तान कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि बाळू संघात आले. मागोमाग शिवरामही आला. शिवराम उत्तम फलंदाज आणि चपळ क्षेत्ररक्षक होता.

मुंबईचे वातावरण पुण्यापेक्षा मोकळे होते. हिंदू जिमखान्यात बाळू आणि शिवराम इतर खेळाडूंबरोबर एका पंक्तीला जेवू लागले. पुण्यात रानड्यांनी जे सुचवले होते, ते मुंबईत काही वर्षांनी घडले.

१९०६ च्या फेब्रुवारी महिन्यात हिंदू आणि युरोपियन यांचा मोठा सामना मुंबईत झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० धावांत बाद झाले. आता युरोपियनांना जिंकायला २१२ धावा हव्या होत्या. बाळू आणि त्यांचा जोडीदार गोलंदाज एराशा यांनी त्यांना १०२ धावांत गुंडाळले. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. राज्य करणाऱ्या गोऱ्या लोकांना त्यांच्याच खेळात हरवले, म्हणून देशभर आनंद झाला.

या सामन्यांबद्दल थोडे सांगायला हवे. त्या काळी मुंबईत धर्मानुसार संघ असत. १९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुस्लिम संघ आला आणि सामने चौरंगी झाले. १९३७ साली आणखी एक संघ येऊन ते पंचरंगी झाले. हजारो लोक ते पाहायला येत. खेळाडू धर्मानुसार का वाटावेत, असा प्रश्न तेव्हाही अनेकांना पडत होता. १९४६ नंतर हे सामने बंद झाले.

पण १९११ साली एक वेगळा संघ तयार झाला. हिंदू, मुस्लिम, पारशी आणि शीख असे सर्व त्यात होते. संपूर्ण हिंदुस्थानचा म्हणता येईल असा हा पहिला क्रिकेट संघ. मे महिन्यात तो बोटीने मुंबईहून इंग्लंडला निघाला. कप्तान होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. अलीगढ कॉलेजचे सलामुद्दीन आणि शफकत हुसेन हे खेळाडू संघात होते. डॉ. कांगा, वॉर्डन, बलसारा हे पारशी खेळाडू होते. आणि बाळू व शिवराम हे दोघे भाऊ होते. चर्मकाराची दोन मुले आणि पतियाळाचे महाराज एका संघात! त्या काळात दुसऱ्या कोणत्या कामासाठी ही माणसे एकत्र आली असती?

महाराजांना इंग्लंडमध्ये मेजवान्या आणि राज्यारोहणाचे सोहळे होते. त्यामुळे ते थोडेच सामने खेळले. संघाची अवस्था बिकट झाली. २३ सामन्यांपैकी १५ सामने संघ हरला. ६ जिंकले, २ अनिर्णित राहिले. पण हरणाऱ्या संघातही एक माणूस सामन्यामागून सामन्यात उठून दिसत होता. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीचे होते. परका देश, थंड हवा, अनोळखी खेळपट्ट्या. तरीही त्यांनी या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. यांतील ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले होते. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावा देऊन ८ गडी बाद केले. लेस्टरशर संघाविरुद्ध ११ बळी घेऊन संघाला विजय मिळवून दिला. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने शतक ठोकले आणि तोही सामना आपण जिंकला. प्रथम श्रेणीतले विजय हे दोनच, आणि दोन्हींत पालवणकर बंधूंचा मोठा वाटा.

ते परत आले तेव्हा मुंबईतील दलित बांधवांनी बाळूंचा जाहीर सत्कार केला. त्यांना मानपत्र देण्यात आले. त्या समारंभात एक वीस वर्षांचा कॉलेजातील विद्यार्थी पुढे होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. पुढे भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ज्यांना आपण ओळखतो, तेच हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाळूंविषयी त्यांना तेव्हा मोठा अभिमान होता.

आता एक प्रश्न. इतकी वर्षे संघाला जिंकून देणारा, सर्वांत अनुभवी खेळाडू संघात असताना कप्तान कोणाला करायला हवे होते? तुम्ही म्हणाल, बाळूंना. पण हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. वर्षामागून वर्षे गेली, इतर लोक कप्तान झाले. त्यांचे मित्र मुकुंद पै १९१३ साली कप्तान झाले. हा मान खरे तर बाळूंचा होता, असे त्यांनी सत्कारसभेत उघडपणे सांगितले. पै मनाने मोठे होते. पण निवड करणारे दुसरे होते.

१९२० साली हे प्रकरण उघडे पडले. त्या वर्षी चौरंगी सामन्यांसाठी बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. पै आजारी पडले, तेव्हा पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना कप्तान नेमले. देवधर हे मोठे फलंदाज होते, यात वाद नाही. पण शिवराम आणि विठ्ठल हे त्यांच्याहून जुने आणि तेवढेच नावाजलेले होते. त्यांना डावलण्याचे कारण जात हेच होते, असे दोघा भावांचे म्हणणे होते. दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपल्यावरील अन्यायाबद्दल जाहीर पत्रक काढले. अनेक वर्षांपूर्वी बाहेर बसून मातीच्या भांड्यात चहा पिणारा भाऊ गप्प राहिला होता. हे धाकटे भाऊ गप्प राहायला तयार नव्हते.

लोक या भावांच्या बाजूने बोलू लागले. अंतिम सामना पारशांशी होता. तोपर्यंत समेट झाला. पै परत कप्तान झाले, बाळूंना उपकप्तान केले आणि दोघे भाऊ संघात आले. सामना चालू असताना पै मुद्दाम मैदानाबाहेर गेले. त्यामुळे काही वेळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले. त्यांचे वय तेव्हा पंचेचाळीस होते. कप्तानपद मिळाले ते असे, मित्राने वाट करून दिल्यामुळे, आणि तेही थोड्या वेळापुरते.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला. त्या वर्षी संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले. जमावाने विठ्ठलला खांद्यांवर उचलून घेतले. उचलणाऱ्यांत सर्व जातींचे लोक होते.

बाळूंनी प्रथम श्रेणीचे ३३ सामने खेळले आणि १७९ बळी घेतले. दर बळीमागे सुमारे १५ धावा दिल्या. हे आकडे त्यांच्या खऱ्या कामाच्या मानाने लहानच आहेत, कारण त्यांच्या तरुणपणी असे सामने फारच थोडे होत. भारताचा पहिला कसोटी सामना झाला तो १९३२ साली. तोवर बाळूंचे खेळणे थांबून बरीच वर्षे लोटली होती.

निवृत्तीनंतर ते राजकारणात आले. तिथे त्यांची वाट बाबासाहेबांहून वेगळी झाली. दलितांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत, असे बाबासाहेबांचे मत होते. सर्वांनी एकत्र मतदान करावे, असे बाळूंना वाटे. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३७ साली मुंबई विधानसभेची निवडणूक झाली. काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात बाळूंना उभे केले. ज्याच्या सत्काराला तरुणपणी पुढे झालो, त्याच्याशीच लढण्याची वेळ बाबासाहेबांवर आली. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले.

१९४८ साली विठ्ठलने ‘माझे क्रीडा-जीवन’ हे पुस्तक लिहिले. पालवणकर बंधूंच्या आयुष्यातील अनेक गोष्टी त्यामुळे मराठीत टिकून राहिल्या. १९५० साली भारताची राज्यघटना अमलात आली आणि तिने अस्पृश्यता नष्ट केली. मग १ जून १९५५ पासून त्यासाठी शिक्षा सांगणारा कायदा लागू झाला. हॉटेल किंवा धर्मशाळेतील भांडी अस्पृश्य म्हणून कोणाला वापरू न देणे हा त्या दिवसापासून गुन्हा ठरला. त्यानंतर सुमारे एका महिन्याने, ४ जुलै १९५५ रोजी, बाळू पालवणकर मुंबईत वारले.